एकेचाळीस सह्या

६ ऑक्टोबर, सोमवार

कामाला लागून आज तीन आठवडे झाले आणि दारावर पाटी लागली. ‘विद्यार्थी आणि कुटुंब साहाय्य केंद्र’. या देशात राहायची कागदपत्रं नसलेल्यांसाठी, असं पाटीवर लिहायचं नाही, हे कॉलेजच्या डीनबाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. ज्यांना कळायचं त्यांना कळतं. खोलीत पूर्वी झेरॉक्सची यंत्रं असायची, भिंतींना अजून शाईचा वास येतो. पण टेबल माझं आहे, आणि टेबलावर माझ्या नावाची पट्टी आहे. आमच्या घरात कुणाचंही नाव आजवर कुठल्या टेबलावर लागलेलं नाही.

आईला फोटो दाखवला. ती स्ट्रॉबेरीच्या शेतावरून नुकतीच आली होती, पाय कोमट पाण्यात सोडून बसली होती.

“खिडकी आहे का?”

“आहे, मागच्या बाजूला.”

“उघडते?”

“उघडते.”

“मग बरं,” म्हणाली.

गुरुवारी पहिली सभा. मुलांबरोबर आईवडिलांनाही बोलावलं आहे. आईला म्हटलं, तूही ये. “मला काय शिकवणार तू?” “तुझे हक्क.” तिला हसू आलं. “येते. पोझोलेच्या रश्शाचं पातेलं घेऊन येते. नुसते हक्क ऐकायला कोण थांबणार?”

९ ऑक्टोबर, गुरुवार

एकेचाळीस माणसं आली. मी वीस धरली होती. खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीला टेकून उभे राहिले, शेताची माती लागलेले बूट दाराबाहेर काढून. कुणीही सांगितलं नव्हतं काढायला.

मी पाऊण तास बोलले. दारावर कुणी आलं तर दार उघडायचं नाही. न्यायाधीशाची सही असलेला कागद आहे का विचारायचं, आणि असला तर फटीतून आत सरकवायला सांगायचा. नाव सांगायची सक्ती नाही, जन्म कुठला हे तर सांगायचंच नाही. मुलांची इथल्या शाळेत तीन वर्षं झाली असतील तर कॉलेजची फी इथल्या रहिवाशांइतकीच. कॅलिफोर्निया राज्याच्या मदतीचा अर्ज वेगळा आहे, त्यात सोशल सिक्युरिटी नंबर लागत नाही. केंद्र सरकारचा अर्ज चुकूनही भरायचा नाही. आईवडिलांना पकडलं तर धाकट्या भावंडांना कोण सांभाळेल, तो कागद आजच करून ठेवायचा.

मध्येच फिलोगोनियोकाका उठले. ते ब्रोकोलीच्या तोडणीला जातात, त्यांची मुलगी आमच्याकडे नर्सिंगला आहे. “पोरी, नाव सांगायची सक्ती नाही म्हणतेस, मग ते दारापाशी काय लिहून घेताय?”

सगळे हसले. मीही हसले. म्हटलं, “ते आपलंच आहे, काका. या खोलीबाहेर जात नाही.”

शेवटी मी म्हणाले, “लपून राहून हक्क मिळत नाहीत. आपण आहोत हे कागदावर दिसलं पाहिजे.” हे वाक्य ठरवलेलं नव्हतं, आतून आलं. टाळ्या पडल्या.

हजेरीच्या टेबलापाशी आई पोझोलेचं पातेलं घेऊन बसली होती. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची नावं तिने लिहून दिली. आत्ता कागद समोर घेऊन वाचते आहे. तिबुर्सियो हिलारियो. पान्फिला रेयेस. ओतिलिया दे हेसूस. आजी-आजोबांच्या काळची नावं, पण मेक्सिकोच्या डोंगरातल्या आमच्या मिश्टेक लोकांनी ती परदेशात येऊनही टिकवून धरली आहेत याचा मला फार अभिमान वाटला. पत्त्याच्या रकान्यात बहुतेकांनी चर्चचा पत्ता दिला आहे. टपाल तिथे येत असावं.

सगळे रकाने फक्त एका मुलीने भरलेत. फिलोगोनियोकाकांची सिरिला. नाव, फोन, ईमेल, फ्लॅटच्या नंबरासकट घराचा पत्ता, आणि अक्षर छापल्यासारखं. नवी पिढी अशी असायला हवी.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

डीनबाईंना पहिल्या सभेचा अहवाल हवा होता. सकाळीच पाठवला, आणि हजेरीचा कागद स्कॅन करून सोबत जोडला. पुराव्याशिवाय विधान करायचं नाही, हे मी कॉलेजात शिकले. त्यांचं उत्तर आलं: “वा, किती तपशीलवार!” दिवसभर तरंगत होते.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

यादीतल्या लोकांना फोन केले. आठ लावले. पाच नंबर अस्तित्वातच नाहीत. दोन टॉर्टियाच्या एकाच दुकानात लागले. एक रेडिओ केंद्रात लागला, त्यांनी विचारलं, गाणं कुठलं लावू.

आईला म्हटलं, लोक फोन नंबर फार बदलतात. “हो ना,” ती म्हणाली, “महागाई.”

दुपारी सिरिला आली. तिला बाहेरच्या राज्यातली विद्यार्थिनी धरून तिप्पट फी लावली आहे. कारण शाळेची तीन वर्षं सिद्ध होत नाहीत. हंगामाप्रमाणे घर फिरायचं, तसतशा शाळा बदलल्या.

“दाखले कुठे आहेत?”

“बाबांनी जाळले. प्रत्येक घर सोडताना जाळायचे, मिस. शाळेचे, दवाखान्याचे, भाड्याचे. गुणपत्रिकांची शेकोटी करून आम्ही मार्शमेलो भाजलेत.”

ती हसत होती. मी नाही हसू शकले. चार वर्षांची असताना ती इथे आली. लहानपणी इथे आणलेल्या मुलांना राहण्याची जी सरकारी सवलत होती, तिच्या ठरलेल्या तारखेनंतर एका वर्षाने आली. त्यामुळे तेही नाही. नर्सिंगची दोन सत्रं राहिली आहेत. इतकी वर्षं मागे काही उरू नये म्हणून धडपडायचं, आणि मग कायदा विचारतो, तुम्ही इथे होतात याचा पुरावा काय.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

तीन शाळांना पत्रं लिहिली, त्यांपैकी दोन ठिकाणी रोज फोन केले, तिसरीत स्वतः जाऊन बसले. एका कारकूनबाईंनी तळघरातून खोकं काढून दिलं. सिरिलाची तीन वर्षं आणि वर चार महिने भरले. फी कमी झाली. ती माझ्या टेबलासमोर उभी राहून रडली, मग एकदम म्हणाली, “मिस, डोळे पुसायला तुमच्याकडे सरकारी टिश्यू आहे का?”

हे काम मी आयुष्यभर करेन.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

डीनबाईंनी बोलावलं. कॉलेजला वॉशिंग्टनहून पत्र आलं आहे. असल्या कार्यक्रमांवर सार्वजनिक पैसा खर्च होतो का, कोण आलं, कुणाला काय मदत मिळाली, सगळं मागितलं आहे. नावांसकट. कॉलेजचे वकील विरोध करतील. पण कोर्टाने सांगितलं तर द्यावं लागेल.

“तुमच्याकडून आलेली यादी आमच्या फाइलमध्ये आहे,” त्या म्हणाल्या. आवाज वाईट नव्हता. तेच जास्त वाईट.

मंगळवारी आमच्याकडे वकील मिरियम येते, फुकट सल्ला द्यायला. तिच्यासमोर बसले.

“यादी कुणी मागितली होती?”

“अहवालात उपस्थिती लिहायची होती.”

“उपस्थिती म्हणजे आकडा की नावं?”

मी अहवालाचा नमुना काढून पाहिला. तिथे लिहिलं आहे: उपस्थितांची संख्या. एवढंच.

मिरियमने नमुना माझ्या हातातून घेऊन पुन्हा वाचला. मग म्हणाली, “पत्र आल्यावर आता काही फाडायचं नाही, पुसायचं नाही. तो गुन्हा होईल. कागद कधीच केला नसता तर प्रश्नच नव्हता.”

‘या खोलीबाहेर जात नाही’ असं मी एकेचाळीस माणसांसमोर म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मीच तो खोलीबाहेर पाठवला. कुणी मागितलेलाही नसताना.

३० ऑक्टोबर, गुरुवार

कुणाला सांगू? सगळ्यांना सांगायला हवं, पण फोन लागत नाहीत. आईला सांगायची हिंमत होत नाही, तीही त्या दिवशी तिथेच होती. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत, आणि दोघींपैकी एकीचाच जन्म इथला आहे. जेवताना तिने दोनदा विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काम आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

हे आजच लिहायला हवं.

आमच्या गावच्या पेत्रामावशीच्या गॅरेजात मृतांची प्रार्थना होती. दर वर्षीसारखी: मेजावर पाव, मेणबत्त्या, झेंडू, फोटो, आणि गावाची माणसं दाटीवाटीने. प्रत्येक घर आपापल्या गेलेल्यांची नावं चिठ्ठीवर लिहून देतं आणि प्रार्थना म्हणणारी बाई ती एकेक करून मोठ्याने वाचते. प्रत्येक नावानंतर सगळे म्हणतात, त्याला विसावा दे. मी लहानपणापासून हे ऐकते आणि लहानपणापासून या वेळी दुसराच विचार करत असते.

आज कान उघडे होते, कारण गेले पाच दिवस मी तीच यादी डोळ्यांपुढे घेऊन झोपते.

तिबुर्सियो हिलारियो. त्याला विसावा दे.

पान्फिला रेयेस. तिला विसावा दे.

ओतिलिया दे हेसूस.

मला आधी वाटलं, डोकं फिरलं माझं. मग मी बोटांवर मोजू लागले. एकवीसपर्यंत मोजलं आणि आईकडे पाहिलं. ती मेजावरच्या पावाकडे पाहत होती, अगदी लक्ष देऊन, जणू पाव उठून जाणार होता.

माझ्या शेजारी फिलोगोनियोकाका होते. गॅरेजभर ती माणसं होती जी त्या दिवशी बूट काढून माझ्या खोलीत उभी होती. सगळी जिवंत. सिरिला सोडली तर मी त्यांच्यातल्या कुणाचंच नाव यादीत वाचलं नव्हतं, आणि महिनाभर माझ्या ते लक्षातही आलं नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी आई कामावर निघण्याआधी विचारलं.

“तू सांगितलंस सगळ्यांना?”

“कोण म्हणतं? लोकांना सुचलं.”

“आई, ओतिलियाआजीला जाऊन बारा वर्षं झाली.”

“म्हणून तर. तिला आता कोण कुठे पाठवणार?”

मी रडायला लागले. तिने डबा खाली ठेवला. “मला का नाही सांगितलंस?” मी म्हटलं.

“तू किती खुशीत होतीस. एकेचाळीस, एकेचाळीस म्हणत घरभर फिरत होतीस. मी म्हटलं, असू दे, पोरीचा आकडा तरी खरा आहे.”

“तू कुणाचं नाव टाकलंस?”

“मी कशाला टाकू? मी पोझोले वाढत होते.”

मग मी पत्राचं सांगितलं. ती खुर्चीवर बसली. तिचा चेहरा बदलला नाही, फक्त म्हणाली, “सिरिला.”

“हो. तिने खरं लिहिलंय.”

“तिलाही सांगितलं होतं मी,” आई म्हणाली. “तिने ऐकलं नाही.” आणि तिला शेतावर नेणारी गाडी बाहेर हॉर्न देऊ लागली.

मला कालपासून एकच वाटतं आहे. माझ्या भाषणामुळे. मी म्हटलं कागदावर दिसलं पाहिजे, आणि तिने मला खरं मानलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

सिरिलाला बोलावून सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही, अहवालाच्या नमुन्यातली ओळसुद्धा दाखवली. तिने शांतपणे ऐकलं, रुग्णाचं ऐकतात तसं.

मी म्हटलं, “माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून तू...”

“नाही मिस, तुमचं भाषण नंतर झालं. सह्या आधी केल्या आम्ही.”

मी अहवालाचा नमुना घडी करून ठेवला.

“मला तुमच्या आई म्हणाल्या होत्या, गावाकडच्या एखाद्या गेलेल्याचं टाक. मी पेन धरून उभी राहिले. मला एकही आठवेना. म्हणजे आठवायला माहीतच नाही कुणी. मी चार वर्षांची असताना आलो आम्ही. बाबा तिकडचं काही बोलत नाहीत. मागे रांग लागली होती, पेत्रामावशी म्हणत होती, अगं परीक्षा आहे का, लिही काहीतरी. म्हणून माझंच लिहिलं. आणि एकदा नाव खरं लिहिल्यावर बाकीचं खोटं लिहायचं सुचलंच नाही.”

तिने पिशवी खांद्याला लावली.

“माझं जाऊ दे,” ती म्हणाली. “त्या पत्त्यावर आई-बाबा आहेत.”

१२ नोव्हेंबर, बुधवार

फिलोगोनियोकाका आणि एमेतेरियाकाकू सिरिलाला घेऊन आमच्याकडे आले. स्वयंपाकघरात बसलो. निर्णय ते घरूनच करून आले होते. शनिवारी घर सोडायचं. उत्तरेला काकूंचा भाऊ द्राक्षांच्या छाटणीला असतो, तिकडे.

मी माफी मागितली. काका मला काही बोलले नाहीत. आईकडे वळून म्हणाले, “पोर चांगली आहे तुमची. तिला कधी कुणी विचारलं नाही ना, कुठली तू म्हणून. त्यामुळे तिला कागद म्हणजे कागदच वाटतो.”

मी त्यांच्यासमोर कॉफी ठेवली. त्यांनी साखर मागितली, मी दिली. दुसरं काय करणार होते.

सिरिला म्हणाली, मीही येते. काकू म्हणाल्या, “दोन सत्रांसाठी? तुझ्या बापाने सतरा वर्षं पाठ मोडली ती काय मध्येच सोडायला?” सिरिला म्हणाली, मग राहू कुठे?

आई भांडी पुसत होती. “मारिक्रूझच्या खोलीत दोन खाटा मावतात,” ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. “आधी मोजलंय मी.”

काकू उठून तिच्याजवळ गेल्या आणि दोघी आमच्या भाषेत काहीतरी बोलल्या. मला मिश्टेक अर्धीच कळते. नेमकी ती अर्धी नव्हती.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ते गेले. या वेळी काकांनी काही जाळलं नाही. दाखल्यांची फाइल सिरिलाच्या हातात दिली आणि म्हणाले, “मिसने जमवलंय. नीट ठेव.”

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कोर्टाचा निकाल. कॉलेजने आज दुपारी कागद दिले. डीनबाईंनी स्वतः येऊन सांगितलं, दारात उभ्या राहूनच. एकेचाळीस नावं. चाळीस जणांना कुणीच काही करू शकत नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

काल दोन माणसं सिरिलाच्या जुन्या फ्लॅटवर आली होती. नव्या भाडेकरूने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने पेत्रामावशीला, मावशीने आईला. त्यांनी बिल्ले दाखवले, नाव विचारलं, कुणाचं ते भाडेकरूला नीट आठवत नाही. यादीमुळे आले की आणखी कशामुळे, कुणालाच माहीत नाही. मिरियमही म्हणाली, कळणार नाही कधी. हे न कळणं मला जन्मभर पुरेल.

सिरिला हॉस्पिटलच्या प्रशिक्षणाला गेली होती. संध्याकाळी आली, तिला सांगितलं. तिने वडिलांना फोन लावला आणि पहिलं वाक्य म्हणाली, “बाबा, तिकडे थंडी आहे का?”

११ डिसेंबर, गुरुवार

दुसरी सभा. सतराच माणसं आली. दारापाशी टेबल नव्हतं, पेन नव्हतं. सुरुवातीलाच मी सांगितलं, मागच्या वेळी मी काय केलं ते. एक पुरुष उठून गेला. बाकीचे बसून राहिले.

नंतर मी तेच सगळं पुन्हा बोलले. दार, न्यायाधीशाची सही, राज्याचा अर्ज, धाकट्या मुलांचा कागद. ‘आपण आहोत हे कागदावर दिसलं पाहिजे’ हे नाही बोलले. मागून एका बाईने विचारलं, “कुठला कागद ठेवायचा आणि कुठला नाही, हे कसं कळायचं?” मला वाटतं, आजवर मला विचारलेला हा सगळ्यांत चांगला प्रश्न आहे. मी म्हटलं, तुमच्या ताब्यात राहतो तो ठेवायचा. अजून विचार करते आहे, उत्तर पुरेसं आहे का.

अहवालात लिहिलं: उपस्थितांची संख्या, सोळा. खाली माझी सही.

१४ डिसेंबर, रविवार

दुपारी तिघी घरी होतो. आई धुतलेले कपडे घड्या करत होती, मी ही वही घेऊन बसले होते. समोरच्या खाटेवरून सिरिला म्हणाली, “मिस, रोज काय लिहिता? मी आहे त्यात?”

“आहेस.”

“माझ्या नावाने?”

मी पानं मागे उलटत गेले. तिचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, काकूंचं, पेत्रामावशीचं. तारखांसकट. ते काय काम करतात, उत्तरेला कुणाकडे गेले. इतकं सगळं होऊन मी दर दोन-तीन दिवसांनी दुसरी यादी करत बसले होते, आणि ही पहिलीपेक्षा किती तरी पूर्ण होती.

वही फाडूया का, मी विचारलं.

आईने मान वर केली नाही. “कशाला? लिहिलंस ते लिहिलंस. माझ्या आईचं नाव दे तिला. सिरिला. ती कुणाला नाही म्हणायची नाही.”

म्हणून आज दुपारपासून संध्याकाळपर्यंत मी व्हाइटनरची बाटली घेऊन पहिल्या पानापासून बसले. जिथे जिथे या मुलीचं खरं नाव होतं तिथे आता माझ्या आजीचं नाव आहे. आमच्या बाकीच्या लोकांनाही गावातल्या गेलेल्यांची नावं दिली, आई सांगत गेली, मी लिहीत गेले. कॉलेजचं आणि आमच्या गावाचं नाव पुसलं, तिथे काहीच घातलं नाही. ते कुठे गेले तेही बदललं. माझं नाव मात्र मी ठेवलं आहे. मारिक्रूझ बाउतिस्ता. माझा जन्म इथल्या दवाखान्यातला आहे, मला ते परवडतं.

व्हाइटनर वाळेपर्यंत ती मुलगी आईच्या बाजूला जाऊन बसली होती, मोज्यांच्या जोड्या लावत. “मावशी,” तिने विचारलं, “कशा होत्या सिरिला?”

आई सांगू लागली. डावखुरी होती. डोंगर चढताना गायची, उतरताना नाही. एका कानाने कमी ऐकायची, आणि त्या बाजूला मुद्दाम नावडत्या माणसांना बसवायची. यातलं मला काहीच माहीत नव्हतं.